खोकल्यातील रक्त आणि डोळखांबचा पट्टा

खोकल्याबरोबर फुप्फुसांतून किंवा श्वासनलिकांतून येणाऱ्या रक्ताला वैद्यकात रक्तष्ठीवन म्हणतात. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावपाड्यांवर त्याला सरळ ‘बेडक्यात रगत पडतंय’ असे म्हटले जाते. या पट्ट्यात एकट्या या लक्षणामुळे माणसे दवाखान्याची वाट धरतात. ताप अंगावर काढला जातो, महिनाभराचा खोकलाही काढला जातो. रक्त दिसले की घर हलते. त्यामुळे या लक्षणाचा इतिहास शोधला तर सह्याद्रीच्या पायथ्याच्या या मुलखातल्या आजारपणाचा, मजुरीचा आणि औषधोपचाराचा इतिहासही बराचसा हाती लागतो.

हे रक्त बहुतेक वेळा कुठून येते हे समजले की पुढचे बरेच काही उलगडते. फुप्फुसांना दोन मार्गांनी रक्त मिळते. हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुस-रोहिणी निघते. तिच्यातून भरपूर रक्त जाते, पण कमी दाबाने. श्वासनलिकांचे पोषण करणाऱ्या बारीक रोहिण्या महारोहिणीपासून फुटतात. त्यांच्यातले रक्त थोडे असते, पण दाब शरीरातल्या इतर रोहिण्यांइतकाच असतो. फुप्फुसात दाह वर्षानुवर्षे राहिला की या बारीक रोहिण्या फुगतात, वाकड्यातिकड्या वाढतात आणि ठिसूळ होतात. मोठ्या रक्तस्रावांपैकी बहुतेक त्यांच्यातूनच होतात. असा रोगी सहसा रक्त कमी झाल्याने दगावत नाही. त्याचा श्वास कोंडतो. घशापासून खालच्या श्वासमार्गांत सुमारे १५० मिलिलिटर जागा असते, म्हणजे अर्धा पेलाभर रक्तही तिथे अडथळा करायला पुरते. रक्तस्राव कोणत्या बाजूच्या फुप्फुसातून होतो हे माहीत असेल तर रोग्याला त्याच कुशीवर निजवतात. दुसरे फुप्फुस मोकळे राहावे, हा त्यामागचा हेतू.

भारतीय वैद्यकाने या लक्षणाची दखल फार लवकर घेतली आणि त्याचे एकच कारण मानले नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ते तीन वेगवेगळ्या अध्यायांत येते. चौथा अध्याय रक्तपित्ताचा आहे. तोंड, नाक आणि शरीराच्या इतर द्वारांतून होणारा रक्तस्राव त्यात आहे. आठवा राजयक्ष्म्याचा, म्हणजे क्षयाचा. दक्षाच्या मुलींपैकी एकीवरच आसक्त झालेल्या चंद्राला हा रोग जडल्याची कथा तिथेच सांगितली आहे. अकरावा क्षतक्षीणाचा आहे. शक्तीबाहेर ओझे उचलणे, ताकदीपलीकडचे धनुष्य ओढणे, उंचावरून पडणे अशा कारणांनी छातीला आतून जखम होते आणि मग खोकल्यातून रक्त पडते, असे तो सांगतो. श्रम हे या लक्षणाचे एक कारण असल्याचे इतक्या जुन्या ग्रंथात नोंदलेले असावे, ही विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. पुढे क्षयाच्या दहशतीत ती मागे पडली.

रक्तपित्तावरचे ठरलेले औषध म्हणजे अडुळसा. ठाणे जिल्ह्यात तो कुंपणाला लावलेला सर्रास दिसतो, आणि त्याच्या पानांचा रस मधातून देण्याची रीत आजही गावोगाव आहे. या पानांतल्या व्हॅसिसीन या द्रव्याचा धागा पकडून १९६०च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्झिन तयार झाले. खोकल्याच्या पुष्कळ बाटल्यांवर हे नाव छापलेले असते. कफ पातळ करून तो सुटायला मदत करणे हे त्याचे काम. मात्र क्षयाचे जंतू अडुळशाने मरत नाहीत. रस घेऊन खोकला थोडा हलका झाला आणि तपासणी तीन महिने लांबली, असे घडले की त्याच औषधाने रोग्याचे नुकसान होते.

मराठी इतिहासातला सर्वांत परिचित क्षयरोगी म्हणजे थोरले माधवराव पेशवे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला ते वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. राज्याचा सर्व खजिना आणि त्या काळचे उत्तम वैद्य हाताशी असतानाही त्या रोगावर उपाय नव्हता. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, मुरबाडला लागून असलेल्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांची गोष्टही तशीच झाली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला होता, म्हणजे कारण सापडून पाच वर्षे होत आली होती. त्या स्वतः डॉक्टर होत्या. कारण समजले आणि औषध सापडले, या दोन घटनांमधल्या सहा दशकांत ज्या पिढ्या गेल्या, त्यांत त्यांचाही समावेश होतो.

त्याआधीच्या काळात शवविच्छेदनातून आणि रोग्याच्या छातीला कान लावून शरीररचनेचे ज्ञान पुढे सरकले होते. रेने लेनेक याने १८१६ साली पॅरिसमध्ये छाती ऐकण्याची नळी बनवली. तिच्या आधारे त्याने क्षयातली पोकळी आणि श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा विकार ओळखायला शिकवले. दहा वर्षांनी, १८२६ साली, तोही क्षयानेच गेला. डेन्मार्कचा फ्रिट्झ रासमुसेन याने १८६८ साली दाखवून दिले की क्षयाने पडलेल्या पोकळीच्या भिंतीत अडकलेल्या रोहिणीला फुगा येतो आणि तो फुटला की एकाएकी रक्ताचा लोट येतो. त्या फुग्याला आजही रासमुसेनचे नाव आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि हे ज्ञान तिथल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचले. कसाऱ्याच्या घाटापर्यंत किंवा डोळखांबच्या खोऱ्यापर्यंत मात्र ते पोचले नाही.

तिथे रेल्वे आधी पोचली. मुंबई ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, पुढच्या वर्षी कल्याणला गेली, १८५५ साली वासिंदला आणि १८६१च्या सुरुवातीला कसाऱ्याला. शहापूर तालुका त्यामुळे मुंबईला बांधला गेला आणि मुरबाड रुळांपासून दूर राहिले. डोळखांब शहापुरातच मोडते, पण रेल्वेच्या पट्टीपासून आत, आजोबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. भात, नाचणी आणि वरी ही इथली पिके. वारली, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आणि कुणबी हे इथले लोक. कातकऱ्यांचा खैरापासून कात काढण्याचा मूळ धंदा जंगल कायद्यांनी मोडला. मग कोळसाभट्टी, लाकूडतोड आणि नंतर वीटभट्टी यांवर त्यांची गुजराण सुरू झाली. लोकांचे हे हंगामी जाणे-येणे आणि रक्ताच्या खोकल्याचा इतिहास इथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

इंग्रजी अमलात गावातल्या मृत्यूंची नोंद गावकामगारांमार्फत होई. नोंदवहीत पटकी, देवी, प्लेग, ताप, आमांश-अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात आणि ‘इतर’ असे रकाने असत. क्षयाला स्वतंत्र रकाना नव्हता. रोज सायंकाळी अंग तापणारा, वाळत जाणारा, शेवटी रक्त ओकून गेलेला माणूस बहुधा ‘ताप’ या रकान्यात जाई. त्यातून एक सोयीचा समज रूढ झाला. क्षय हा दाटीच्या शहरांचा रोग, गिरणगावच्या चाळींचा रोग, आणि मोकळ्या हवेतले खेडूत व आदिवासी त्यापासून सुरक्षित आहेत, असा तो समज होता. १९१४ ते १९१६ या काळात भारतभर फिरून पाहणी केलेल्या डॉ. आर्थर लँकेस्टर यांनी रोग शहरांतून रेल्वेमार्गांनी गावांकडे पसरत असल्याचा इशारा दिला होता. तरी उपायांचा ओघ शहरांकडेच राहिला. मुंबईत आरोग्य अधिकारी डॉ. जॉन टर्नर यांच्या पुढाकाराने क्षयविरोधी संघ स्थापन झाला. त्याने घरभेटी आणि दवाखान्यांचे काम केले, पण ते शहराच्या हद्दीतच.

क्षयाखेरीज दोन साथींनीही या भागाला रक्ताचा खोकला दाखवला. पहिली प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि थोड्याच काळात तो ठाणे जिल्ह्यासह मुंबई इलाख्यात पसरला. बहुसंख्य रोग्यांना काखेत-जांघेत गाठी येत. ज्यांच्या फुप्फुसांत तो उतरे त्यांना पातळ, रक्ताळ बेडका पडे आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू येई. दुसरी १९१८च्या इन्फ्लुएन्झाची. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर ती दिसली, तेव्हा सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लाटेत तिचे रूप बदलले. फुप्फुसांत पाणी आणि रक्त भरून, तोंडाला लालसर फेस येऊन तरुण माणसे गेली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी पाऊस कमी पडला होता आणि धान्य महाग झाले होते, त्यामुळे गावांतली उपासमार आणि रोग एकत्र आले. खेड्यांतले मृत्यू मोजायलाही माणसे उरली नव्हती.

क्षयावर त्या काळी एकच सर्वमान्य इलाज होता: विश्रांती, दूध-अंडी आणि डोंगरातली स्वच्छ हवा. मुंबईच्या पारशी आणि गुजराती दानशूरांच्या पैशातून आणि बेहरामजी मलबारी यांच्या खटपटीतून सिमल्याच्या डोंगरात धरमपूरला १९०९ साली क्षयरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला ‘बेल-एअर’ आरोग्यधाम काढले. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशनचे आरोग्यधाम वाढले. रक्त पडणाऱ्या रोग्याला तिथे महिनोन्महिने निजवून ठेवीत, छातीवर बर्फ देत. पुढे इटलीच्या फोर्लानिनीच्या पद्धतीने छातीत हवा भरून रोगट फुप्फुस दाबून ठेवीत. अधिक बिघडलेल्यांच्या बरगड्या काढीत. काहींना यातून खरोखर आराम पडला. पण वर्ष-दीड वर्ष काम सोडून निजणे हा इलाज ज्याच्या घरात पाऊस पडला तरच धान्य येते त्याच्यासाठी नव्हताच. आजोबाच्या डोंगराची हवा पाचगणीपेक्षा वाईट नव्हती, आणि तरी तिथली माणसे क्षयाने मरत होती. निव्वळ हवेचा महिमा किती होता हे एवढ्यावरून ओळखावे.

स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांत हे सगळे चित्र बदलले, आणि हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ साली आयसोनियाझिड वापरात आले. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने क्ष-किरण यंत्रे घेऊन शहरे, कसबे आणि खेडी यांची नमुना-पाहणी केली. क्षयाचे प्रमाण खेड्यांतही शहरांइतकेच असल्याचे तीत आढळले. नोंदवह्यांतल्या ‘ताप’ या रकान्याने अर्धशतक झाकून ठेवलेली गोष्ट त्या पाहणीने उघड केली. पाठोपाठ १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाटीच्या घरांत, अर्धपोटी राहून, रोज गोळ्या घेणारे रोगी आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात, आणि घरच्या माणसांना त्यामुळे जास्त लागण होत नाही, हे त्यात सिद्ध झाले. जगभरची आरोग्यधामे ओस पडली त्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. त्याच आधारावर १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा क्षयरोग केंद्र, त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रातला सूक्ष्मदर्शक, आणि बेडक्याची डबी अशी त्याची रचना होती. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा त्याच वर्षी अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. आदिवासी व डोंगरी भागासाठी वीस हजार लोकांमागे एक केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र असा निकष पुढे ठरला. डोळखांबचे आरोग्य केंद्र याच व्यवस्थेचा भाग आहे. वरचा उपचार शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात होतो.

कागदावर नीट असलेली ही योजना अनेक वर्षे लंगडत चालली. उपचार वर्ष-दीड वर्षाचा, त्यात सुरुवातीला रोजची इंजेक्शने. पहिल्या दोन महिन्यांतच खोकला थांबतो, रक्त थांबते, भूक लागते, आणि रोगी औषध सोडून कामाला जातो. शहापूर-मुरबाडमध्ये औषध सुटण्याला आणखी एक कारण जोडले गेले. भात झोडून झाला, दिवाळी झाली की कातकरी आणि ठाकूर कुटुंबे आगाऊ उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. नोव्हेंबर ते मे हा भट्टीचा मोसम. १९९७ साली सुधारित कार्यक्रम आला. प्रत्यक्ष देखरेखीखाली गोळ्या देण्याची पद्धत सुरू झाली, २००६पर्यंत ती देशभर पोचली आणि उपचार सहा महिन्यांवर आला. पण ते सहा महिने भट्टीच्याच मोसमात पडले, तर उपचाराचे कार्ड डोळखांबला आणि रोगी भिवंडीला अशी गत होते. अर्धवट सोडलेल्या औषधातून औषधांना न जुमानणारा क्षय निपजतो. याला रोग्याची बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे आहे. उचल फेडल्याशिवाय भट्टी सोडता येत नाही, आणि भट्टीवर रजा नसते.

क्षय हे या भागातले पहिले कारण असले तरी ते एकच नाही. चरकाने तीन अध्याय लिहिले, आजच्या डॉक्टरला त्याहून अधिक शक्यता तपासाव्या लागतात. बऱ्या झालेल्या क्षयातूनही रक्त येते. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढतो, किंवा व्रण पडून श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. अशा रोग्याच्या बेडक्यात जंतू नसतात, तरी ‘पुन्हा टीबी झाला’ असे समजून त्याला तीच औषधे दुसऱ्या-तिसऱ्यांदा दिली गेल्याचे अनुभव डॉक्टरांना आहेत. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची डाव्या बाजूची झडप आकसली, तर फुप्फुसांत रक्त तुंबते आणि श्रमाने किंवा बाळंतपणात लालसर फेस येतो. तरुण बाईच्या बाबतीत ही शक्यता विसरणे महागात पडते. दगडखाणींत आणि क्रशरवर काम केलेल्या मजुराच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ साठते. त्याला सिलिकोसिस होतो आणि त्यावर क्षय सहज बसतो. बिडी ओढणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाला रक्त पडले तर कर्करोगाचा विचार आधी करावा लागतो.

पावसाळ्यातली कारणे वेगळी आहेत. भातखाचरात अनवाणी चिखल तुडवणाऱ्यांना उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याच्या गंभीर प्रकारात ताप, अंगदुखी आणि डोळ्यांत लाली येऊन तीन-चार दिवसांतच फुप्फुसांत रक्तस्राव होतो. अंदमानात बरीच वर्षे ओळखू न आलेला रक्तस्रावी ताप शेवटी हाच निघाला. घोणस किंवा फुरसे चावले की रक्त गोठणे बंद होते. हिरड्यांतून, लघवीतून आणि कधी खोकल्यातूनही रक्त येते. प्रतिविष मिळाल्याखेरीज ते थांबत नाही, मग भगताने कितीही उतारे काढोत. ईशान्य भारतात, विशेषतः मणिपुरात, कच्च्या किंवा अर्धकच्च्या खेकड्यांतून फुप्फुसात शिरणारा पर्णकृमी क्षयाची हुबेहूब नक्कल करतो. पहिल्या पावसात ओढ्याकाठी खेकडे धरणाऱ्यांनी ते नीट शिजवूनच खावेत, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

दिसलेले रक्त फुप्फुसातलेच आहे का, हेही आधी पाहावे लागते. खोकल्याचे रक्त तांबडेलाल आणि फेसाळ असते. जठरातले रक्त काळपट, उलटीबरोबर आणि अन्नकणांसह येते. घोळणा फुटून रात्री घशात उतरलेले रक्त सकाळी खाकरताना पडते. मिश्रीने सुजलेल्या हिरड्या आणि पानाचा रंगही घोटाळा करतात. उलट प्रकारही होतो. क्षयाच्या रिफॅम्पिसीन या गोळीने लघवी नारिंगी-लाल होते. आधी कोणी सांगितले नसेल तर रोगी ते रक्त समजून घाबरतो आणि गोळ्या फेकून देतो. गावच्या आशा स्वयंसेविकेने पहिल्याच दिवशी एवढे सांगितले तर एक उपचार वाचतो.

मोठ्या रक्तस्रावावरचा इलाजही बदलला आहे. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये जांघेतून बारीक नळी सरकवून फुटलेली श्वासनलिका-रोहिणी आतून बंद करण्याची युक्ती निघाली. आता ती मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत नेहमीची झाली आहे. डोळखांबहून तिथवर पोचायला मात्र आधी वाहन मिळावे लागते, आणि पाड्यापासून पक्क्या रस्त्यापर्यंत अजून काही ठिकाणी रोग्याला डोलीतून आणावे लागते.

२०१२पासून क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. २०१७पासून रोजच्या गोळ्यांची पद्धत आली. एप्रिल २०१८पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये बँक खात्यात मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. बेडक्यातल्या जंतूची जनुकीय तपासणी काही तासांत होते आणि औषध लागू पडेल की नाही तेही त्यातच कळते. उपचार चालू असताना गाव सोडावे लागले तर रोग्याची नोंद आणि औषधे दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येतात. भट्टीवर निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ही एक गोष्ट निघण्याआधी सांगितली गेली पाहिजे. दोन आठवड्यांचा खोकला असेल तर, आणि रक्त एकदाच, थेंबभर पडले असले तरी, बेडक्याची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते आणि औषधेही मोफत मिळतात.